गायरानावर झाडं लावायचीत, पण माळावरच्या प्राण्यापक्ष्यांचं नुकसान नको. कसं करावं?

मुरमाडमाळ: नमस्कार मंडळी. आमचं गाव बारामती तालुक्यात, चाळीसेक एकर गायरान आहे, सगळा उघडा माळ, पावसाळ्यात गुडघाभर गवत आणि उन्हाळ्यात नुसती कुसळं. एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे तिच्या समाजकामाच्या निधीतून, झाडं लावून द्यायला तयार झालीय. आधी वाळलेलं गवत पेटवून माळ साफ करायचा, मग जेसीबीनं चर मारायचे, गिरीपुष्प आणि सुबाभूळ लावायची आणि भोवती तारेचं कुंपण, असं ठरत चाललंय. गावात सगळे खूश आहेत, झाडं लावायला नाही कोण म्हणणार. पण लहानपणापासून आम्ही इथं चिंकारे बघतोय, खोकड दिसतं, ओढ्याच्या दरडीत लांडग्याचं बीळ आहे असं मेंढपाळ सांगतात, टिटव्या तर पाऊल टाकू देत नाहीत. हे सगळं झाल्यावर ती जाणार कुठं? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, ग्रामसभा जवळ आलीय.

गवताळ: भाऊ, बरं झालं आधी विचारलंत. काहीही करा पण गवत पेटवू देऊ नका. लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटवतात, नवीन गवत जोमानं येतं म्हणून, आणि नेमकं त्याच सुमाराला खोकडाची पिल्लं बिळात असतात, लांडग्याची हिवाळ्यात झालेली पिल्लं अजून लहान असतात आणि टिटवी, धाविक, चंडोल ही मंडळी जमिनीवर अंडी घालायला लागलेली असतात, ते पार पावसाळ्यापर्यंत चालतं. टिटवीचं घरटं म्हणजे काय, खड्यांमध्ये जरासा खळगा आणि त्यात चार अंडी, मातकट रंगावर काळे ठिपके, दोन पावलांवर उभं राहिलं तरी दिसत नाहीत. एप्रिलच्या उन्हात ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवते. तिथून जेसीबी गेला तर काय चिरडलं ते ड्रायव्हरला कळणार पण नाही.

आता झाडांचं. सरकारी नकाशांत असे बरेच माळ पडीक म्हणून दाखवलेत, त्यामुळे कुणालाही वाटतं मोकळी जागा आहे, लावा काहीतरी. चिंकारा असो की धाविक, त्यांना लांबवर नजर पोचेल असं उघडं रानच लागतं. दाट लागवड केली की सावलीखाली गवत मरतं, गवत गेलं की नाकतोडे जातात, आणि मग हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी कशावर जगणार, ते तर रात्री झोपतात पण गवतातच. सुबाभळीचं बी तर इतकं पसरतं की नंतर आवरत नाही. सोलापूरकडे नान्नजला 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य केलं, कागदावर 8496 चौरस किलोमीटर, पुढं ते 1222 च्या आसपास आणलं. पण माळांचे तुकडे पडले, शेती वाढली, वीजतारा आल्या, आणि हा पक्षी एका वेळी अंडं घालतो बहुतेक एकच. आज तिथं माळढोक दिसायची मारामार आहे. हे आठवलं की जीव तुटतो, म्हणून एवढं लिहितोय.

मेंढकेपाव्हणा: आमी पिढ्यान्पिढ्या मेंढरं घेऊन फिरतो म्हणून सांगतो, तारेचं कुंपण घालू नका. चिंकारा पळताना तारेत अडकतो आणि आमची वाट पण बंद होती. मेंढरं एका जागी बसून राहिली तर गवत संपतं हे खरं, पण चार दिवस हिकडं चार दिवस तिकडं अशी फिरवली तर माळाचं काय बिघडत नाही, लेंडीखत पडतं ते वेगळंच. खरा वैताग वेड्या बाभळीचा हाय. शेंगा जनावरं खातात आणि शेणातून बी सगळीकडं. कंपनीला पैसेच घालायचेत तर ती मुळासकट काढाय लावा. लांडगा आमचं कोकरू नेतो, शिव्या बी देतो आम्ही त्याला, पण तो माळावर नसावा असं कधी वाटलं नाही.

सातबारा_वाचक: आधी जमीन खरंच गायरान आहे का वनखात्याची ते सातबाऱ्यावर बघून घ्या, गायरान असलं तरी महसूलला विचारल्याशिवाय जेसीबी लावू नये. लांडगा 1972 च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, त्यामुळे बिळाची गोष्ट वनरक्षकाला आत्ताच लेखी कळवा, वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन पण करता येतो. मात्र बिळाची जागा कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन लोक हजर होतात आणि माणसांचा वावर वाढला की मादी पिल्लं उचलून दुसरीकडं नेते. शिवाय जैवविविधता समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी, तिच्या नोंदवहीत हे प्राणी-पक्षी लिहून घ्या, ग्रामसभेत बोलायला आधार मिळतो.

आणि कुत्र्यांचं विसरू नका. पुण्याजवळ लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं 2023 मध्ये जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय, रोग पसरतात ते वेगळंच. गावातल्या कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी हासुद्धा सीएसआरचा खर्च होऊ शकतो. तुमच्याच तालुक्यात शिरसुफळला आणि शेजारी इंदापुरात कडबनवाडीला वनखात्यानं माळरान सफारी सुरू केलीय, सरपंचांना एकदा घेऊन जा.

मुरमाडमाळ: सगळ्यांचे मनापासून आभार. सरपंचांशी बोललो, ते ऐकायला तयार आहेत पण म्हणतात कंपनीला फोटोत झाडं दिसली पाहिजेत. आणि गवत पेटवायचं नाही तर चाऱ्याला कापायचं कधी?

गवताळ: झाडं शाळेभोवती, स्मशानभूमीत, गावात येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावायला सांगा, वड, कडुनिंब, करंज, फोटो पण चांगले येतील आणि पाणी घालायला माणसं जवळ. माळावर मुळातच आहेत ती बोरं, हिवर, तरवड तेवढी राहू द्या. चारा कापायचा तो बी झडल्यावर, म्हणजे साधारण दिवाळीनंतर, एकदम सगळा नाही, पट्ट्यापट्ट्यानं, आणि पट्टा मधून सुरू करून कडेकडे यायचं म्हणजे आत लपलेलं काही असेल तर त्याला बाहेर पळायला वाट राहते. वीतभर खुंट ठेवा. ओढ्याची ती बाजू यंदा अजिबात कापू नका.