भोकात पेट्रोल ओतणाऱ्यांसाठी

मातीत_हात: "लॉनमध्ये गांधीलमाशांचं भोक दिसलं की रात्री कपभर पेट्रोल ओता, विषय संपला." कालचा हा सल्ला, वर त्याला सतरा अंगठे! अहो, पेट्रोलने माती नासते, ते खाली झिरपतं, ठिणगी पडली तर वेगळाच सोहळा. आधी भोक नीट बघा. न्यू जर्सीत ऑगस्टमध्ये एकाच भोकातून सतत ये-जा दिसली तर यलोजॅकेट, म्हणजे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची गांधीलमाशी. भोकापुढे मातीचा ढिगारा आणि दीड-दोन इंची माशी एकटीच असेल तर सिकाडा किलर. तिच्या नराला नांगीच नसते, मादीही हातात पकडल्याशिवाय सहसा चावत नाही. गवतावर अगदी खालून घिरट्या घालणारी, निळसर पंखांची ती स्कोलिया. ती हुमणीवर, म्हणजे गवताची मुळं खाणाऱ्या अळीवर, अंडी घालते, म्हणजे फुकटात लॉन राखते. सरसकट मारून काय मिळवणार? यलोजॅकेटचं पोळंही एका हंगामाचं. कडक हिवात कामकरी मरतात, नव्या राण्या दुसरीकडे दडतात, जुनं पोळं पुन्हा वापरत नाहीत. पोळं घरापासून लांब असेल तर भोवती दोरी बांधा, तिथे मोवर नेऊ नका. मोवरच्या हादऱ्यानेच त्या चवताळतात.

दोडक्याचा_मांडव: दोडके काढायचे सप्टेंबरात, त्या सर्वांत जास्त तेव्हाच. भोक पायरीखाली, मुलं अनवाणी. दोरी कुठे बांधू, मुलांना?

मातीत_हात: पायरीखाली असेल तर मारा, नको कोण म्हणतंय? डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाची भुकटी, फवारा नको. पोळं आत वळणावर असतं, फवारा तिथवर पोचत नाही. दिवसा जागा हेरून ठेवा. अंधार पडल्यावर पँट मोज्यात खोचून भुकटी भोकाच्या तोंडाशी पंपाने मारा. टॉर्च हातात धरू नका, त्या उजेडावर येतात. बाजूला ठेवा, लाल कागद लावून. भोक बुजवू नका! ये-जा करतानाच भुकटी आत जाते, बुजवलंत तर दुसरीकडून, कधी घरातूनही, वाट काढतात. दोन-तीन दिवसांनी हालचाल असेल तर पुन्हा. भाजीच्या वाफ्यात चालते का, ते लेबलवर वाचा.

आजीचा_बटवा: चावलीच तर लोखंड घासा, चुना लावा. गांधीलमाशीला व्हिनेगर, मधमाशीला सोडा.

तिरकस: आलं लोखंड! विष कातडीखाली गेलेलं, त्यात मुख्यतः प्रथिनं. वरून व्हिनेगर चोपडून काय होणार, लोणचं?

आजीचा_बटवा: पिढ्यान्‌पिढ्या लोक मूर्ख होते वाटतं?

तिरकस: गार लोखंडाने बरं वाटतं, कारण ते गार असतं. त्यापेक्षा साबणाने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरा. मधमाशीची नांगी आत राहते, ती लगेच काढा. यलोजॅकेटची बहुधा राहत नाही, म्हणून एकच चार वेळा चावते. घसा आवळला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली तर एपिपेन (अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) आणि ९११ला फोन. तेव्हा बटवा उघडत बसू नका.

आजीचा_बटवा: बर्फ मान्य. चुना आमचा आम्ही लावू.

दोडक्याचा_मांडव: तुमचा चुना होऊ दे. पायरीवरचा दिवा रात्रभर चालू असतो, त्याचं काय?

मातीत_हात: भुकटी मारायच्या तासभर आधी बंद करा.