मदत हवी आहे: इन्स्पायर-मानकसाठी 'सुधारित' कल्पना कशी मांडावी?

शाळेकडून इन्स्पायर अवॉर्ड-मानकसाठी (शालेय विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांना प्रोत्साहन देणारी केंद्र सरकारची योजना) 5 कल्पना पाठवता येतात. चार ठरल्या आहेत, पाचवीवर अडलोय.

आठवीतल्या मुलीची कल्पना कोथिंबिरीच्या जुड्यांना रबर लावण्याची आहे. 75 मिमीच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर रबरं आधीच ताणून चढवायची, जुडी आतून घालायची आणि एक रबर पुढे सरकवून देठांवर सोडायचं. पुठ्ठ्याची नळी घेऊन करून पाहिलं, ओल्या देठांनी ती मऊ पडते. पाइपवर जमतं, पण दोन रबरं एकदम सुटतात आणि रात्रभर ताणून ठेवलेली रबरं सैल पडतात. दोन रबरांमध्ये खाच पाडायची युक्ती तिचीच, आणि खरी नवी गोष्ट मला तीच वाटते.

अडचण अशी की, नळीवरून रबर सरकवण्याची पद्धत इंटरनेटवर आधीच सापडते. निकषांत नावीन्य आहे, तसंच सध्याच्या तंत्रापेक्षा सरस असणंही आहे. मोठी यंत्रं सुचवू नका, निवड झाल्यास मिळणाऱ्या 10,000 रुपयांतच नमुना बसवायचा आहे. शिवाय काम तिनेच करायचंय.

ज्यांच्या विद्यार्थ्यांची निवड झाली आहे त्यांनी सांगावं: सारांशात जुनी पद्धत सरळ नमूद करून फक्त खाचेचा फरक दाखवावा, की सगळं साधन एकच कल्पना म्हणून लिहावं?