अनुभव धागा: बातमी वाचता वाचता अंगवळणी पडलेलं इंग्रजी

शिक्षिका, सातारा जिल्हा (धागा सुरू करताना)

६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं, तेव्हा पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. इंग्रजी शब्द शिकायची याहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही. बातमी आधी आपल्या भाषेत कळलेली असावी, मग तीच इंग्रजीत वाचावी. शब्दकोश उघडायच्या आतच निम्म्या शब्दांचा अर्थ लागलेला असतो.

मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. धडे वाचणारी मुलं इंग्रजी पेपरचा मथळा समोर आला की अडतात, कारण मथळ्याचं व्याकरण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ‘बस फॉल्स इन्टू गॉर्ज’ यातली बस काल दरीत कोसळलेली असते, तरी क्रियापद वर्तमानकाळात. ‘मिनिस्टर टू व्हिजिट कराड’ म्हणजे मंत्री अजून यायचेत. ‘थ्री हेल्ड’ यात मधलं ‘वेअर’ गाळलंय, तिघांना धरलंय. एवढं फळ्यावर लिहिलं की मुलं घरून कात्रणं आणू लागतात. एका मुलीने वाण्याकडच्या पुडीचा तेलकट कागद आणला होता. त्यातल्या ‘ॲब्सकाँडिंग’वर बोट ठेवून म्हणाली, “बाई, हा पळालाय. पोलिसांना सापडत नाहीये. फरार!” बातमीत चोरी होती, पोलीस होते, बाकीचं तिचं तिने जुळवलं.

तुम्ही कसे शिकलात? कुठली बातमी, कुठला शब्द, तो का लक्षात राहिला? सविस्तर लिहा.

शेतकरी, बार्शी

बाई, माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं. टीव्हीवर ‘पावसाची शक्यता’ एवढंच सांगतात, त्यावर पेरणी ठरत नाही. म्हणून हवामान खात्याचं इंग्रजी बुलेटिन मोबाइलवर उघडायला लागलो. त्यात प्रत्येक शब्दाला माप आहे. ‘आयसोलेटेड’ म्हणजे पाऊस मोजणाऱ्या फार तर पाव भाग केंद्रांवर पाऊस. ‘स्कॅटर्ड’ निम्म्यापर्यंत, ‘फेअरली वाइडस्प्रेड’ पाऊण भागापर्यंत, त्यापुढे ‘वाइडस्प्रेड’. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेल्याशिवाय ‘हेवी’ म्हणत नाहीत. मोसमाच्या अंदाजात सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे ‘नॉर्मल’, ९० च्या खाली ‘डेफिशिअंट’.

हे पाठ करावं लागलं नाही. सोयाबीनचं बी घरात येऊन पडलंय, ट्रॅक्टरवाला विचारतोय कधी येऊ, आणि बुलेटिनात ‘आयसोलेटेड’. चाड्यावर मूठ धरायची की चार दिवस थांबायचं, ते त्या शब्दावर. दुबार पेरणीचा खर्च ज्याने सोसलाय त्याला हा शब्द जन्मात विसरता येणार नाही. आता गावातली पोरं फोन करतात, “दादा, आज काय शब्द आलाय?”

स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, पुणे

मला थोडं वेगळं म्हणायचंय. नुसतं वाचून शब्द येत नाहीत, लिहून काढावे लागतात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा सक्तीचा पेपर ३०० गुणांचा असतो. ते गुण निकालात धरत नाहीत, पण त्यात २५ टक्के पडले नाहीत तर बाकीचे पेपर कितीही चांगले जाऊदेत, उपयोग नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना याचं दडपण किती असतं ते सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत येऊन बघा. सकाळी ‘द हिंदू’ची एकच प्रत चार जणींत फिरते, संपादकीयाचं पान सगळ्यांना आधी हवं असतं.

माझी वही विषयवार आहे. कोर्टाच्या पानाचं उदाहरण देते. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ ‘स्ट्राइक डाउन’ केलं. ६ सप्टेंबर २०१८ ला भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ ‘रीड डाउन’ केलं. घाईत वाचलं तर दोन्ही कलमं रद्द झाली असंच वाटतं. पहिलं पूर्ण गेलं. दुसरं तेव्हा पुस्तकात राहिलं, फक्त सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना ते लागू होणार नाही एवढं कोर्टाने ठरवलं. या दोन निकालांच्या बातम्या मी वहीत समोरासमोर चिकटवल्यात. मग ‘क्वॅश’ (रद्द करणं), ‘अपहोल्ड’ (कायम ठेवणं), ‘स्टे’ (स्थगिती) त्यांच्याभोवती आपोआप येत गेले. शंभर शब्दांची यादी पाठ करणाऱ्या मैत्रिणींना अर्थ येतो, पण वाक्य लिहायला सांगितलं की हात थांबतो. बाईंचं म्हणणं मला तिथे पटतं.

निवृत्त ग्रामसेवक, औसा तालुका

तरुणपणी शॉर्टवेव्हवर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ची ‘स्पेशल इंग्लिश’ बातमीपत्रं ऐकायचो. १९५९ पासून ती सुरू होती. जेमतेम दीड हजार शब्दांत सगळी बातमी, वाक्यं छोटी, वाचणारा सावकाश वाचणारा. खरखरीतूनही कळायचं. जगात कुठेतरी धरणीकंप झाला की ‘रबल’ हा शब्द यायचा. ढिगारा, असा अर्थ मी लावला होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तो ढिगारा आमच्या तालुक्यात, किल्लारीत झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. पुढे कित्येक दिवस बाहेरचे पत्रकार, इंजिनिअर, मदत पथकं येत होती आणि मला मोडकंतोडकं इंग्रजी येतं म्हणून गावोगाव नेत होती. ‘सर्व्हायव्हर’, ‘रिलीफ’, ‘एपिसेंटर’ हे शब्द मी माणसांच्या तोंडाकडे बघत शिकलो. आमच्या माळवदाच्या घरांच्या जाड दगडमातीच्या भिंतींना इंजिनिअर ‘रँडम रबल’ म्हणत. भिंत उभी असतानाही तिला तोच शब्द, हे ऐकून मी त्यांना थांबवून पुन्हा विचारलं होतं. नंतर पुनर्वसनात ‘रिट्रोफिटिंग’, म्हणजे उभं घर भूकंपात टिकेल असं मजबूत करणं, आलं आणि शाळेची पायरी न चढलेले गवंडी तो शब्द बिनचूक म्हणू लागले, कारण भिंतीत आरपार दगड कुठे बसवायचा हे त्यांना ठाऊक झालं होतं. हे शब्द मला विसरायचे नाहीत.

फोंडा, गोवा

बाबा पोर्तुगीज शिकलेले. १९६१ नंतर कचेरीत इंग्रजी आलं, तेव्हा ते तिशीत होते. मराठी ‘गोमन्तक’ १९६२ चा, इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ चा. दोन्ही टेबलावर पसरून तीच बातमी दोनदा वाचत. त्यांना पोर्तुगीजचाही आधार झाला, ‘जुस्तिसा’ येत असेल तर ‘जस्टिस’ परका वाटत नाही. ‘ओ हेराल्डो’ १९८३ ला पोर्तुगीजचा इंग्रजी झाला, तोवर बाबा इंग्रजी अग्रलेख आम्हाला समजावून सांगत होते.

नर्स, मूळची सांगलीची, सध्या उत्तर इंग्लंड

पेपरचं इंग्रजी मला परीक्षेपुरतं आलं. वॉर्डात वेगळंच ऐकू येतं. इथल्या आजी “आय फील पुअरली” म्हणतात, म्हणजे बरं वाटत नाहीये. “व्हॉट्स फॉर टी?” विचारलं की त्यांना चहा नको असतो, संध्याकाळच्या जेवणात काय आहे ते विचारतात. हे बातम्यांत मिळत नाही, माणसाजवळ बसावं लागतं. उलट बसमध्ये फुकट मिळणाऱ्या ‘मेट्रो’त ‘कॉरिडॉर केअर’ वाचलं तेव्हा लगेच कळलं. बेड नाहीत म्हणून पॅसेजमध्ये ट्रॉलीवर ठेवलेल्या पेशंटचं बीपी मी रोज बघते. नव्याने येणाऱ्या मराठी मुलींना मी हेच सांगते, पहिल्या महिन्यात वॉर्डातल्या मावशींशी भरपूर बोला.

जळगाव

माझा एकच शब्द, ‘बेसिस पॉइंट’. शंभर मिळून एक टक्का. घराचं कर्ज बदलत्या व्याजदराचं आहे, त्यामुळे रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) २५ बेसिस पॉइंटने हलवला की पाव टक्क्याचा हिशेब घरात सगळ्यांना तोंडपाठ.

शिक्षिका, सातारा जिल्हा

औशाचे काका, तुमचं लिहिलेलं मी उद्या नववीच्या वर्गात वाचून दाखवू का? किल्लारी मुलांना भूगोलात आहे, पण असं नाही. आणि बार्शीचे दादा, ते बुलेटिन कृपया इथे टाका. आमच्याकडे निम्मी मुलं शेतकऱ्यांची आहेत, धडा म्हणून तेच घेते.

शेतकरी, बार्शी

टाकतो बाई. त्यातलं ‘थंडरस्टॉर्म विथ लाइटनिंग’ आधी शिकवा. पाऊस आला की पोरं अजून झाडाखाली जाऊन थांबतात.