एसएसएचने होस्ट जोडला जातो, पण इन्कसचे कंटेनर दिसत नाहीत

प्रश्न
सर्व्हरवर डेबियन १३, त्यावर इन्कस (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर). चार सिस्टीम कंटेनर: तीन डेबियन, एक अल्पाइन. एकातही एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याची सोय) सर्व्हर नाही, टाकायचाही नाही. लॅपटॉपवर एक्सपाइप (सर्व्हर आणि त्यांवरचे कंटेनर एका जागेवरून उघडणारं अॅप) आहे. होस्ट लगेच जोडला जातो, त्याखाली कंटेनर मात्र एकही येत नाही. होस्टवर ‘इन्कस लिस्ट’ दिलं तर रिकामा तक्ता, एररसुद्धा नाही. ‘सुडो’ (रूट, म्हणजे मुख्य अॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) लावलं की चारही हजर. गोम कुठे आहे?

उत्तर १
एरर नाही, यातच उत्तर आहे. तुमचा यूजर ‘इन्कस’ ग्रुपमध्ये आहे, ‘इन्कस-अॅडमिन’मध्ये नाही. दोन्हींत नसता तर परवानगी नाही असं स्पष्ट आलं असतं. नुसत्या ‘इन्कस’ ग्रुपवर प्रत्येकाला स्वतःचं वेगळं प्रोजेक्ट, म्हणजे कंटेनरांचा कप्पा, मिळतं (यूआयडी, म्हणजे यूजरचा क्रमांक, १००० असेल तर ‘यूजर-१०००’), आणि सुडोने केलेले कंटेनर पडलेत ‘डिफॉल्ट’मध्ये. एक्सपाइप होस्टवर जाऊन तिथलीच इन्कस कमांड चालवतं, त्यामुळे त्यालाही रिकामंच दिसणार.

‘यूजरमॉड’ने ‘इन्कस-अॅडमिन’ ग्रुप जोडा. मोठ्या ‘जी’आधी छोटा ‘ए’ हवाच, नाहीतर बाकीचे ग्रुप जातात, ‘सुडो’सकट. मग पुन्हा लॉगिन. कंट्रोलमास्टर (एकच एसएसएच कनेक्शन पुन्हा पुन्हा वापरण्याची सोय) वापरत असाल तर जुनं कनेक्शन मागे जिवंत राहतं आणि नवा ग्रुप लागत नाही. ‘एसएसएच’ला मोठा ‘ओ’ आणि ‘एक्झिट’ देऊन ते बंद करा. तरी रिकामं असेल तर ‘इन्कस प्रोजेक्ट स्विच डिफॉल्ट’.

उत्तर २
यादी आल्यावर अल्पाइन अडेल. त्यात बॅश नसतं, शेल ‘एसएच’ ठेवा. आणि ‘इन्कस एक्झेक’ (कंटेनरात कमांड चालवणारी कमांड) रूट म्हणून, लॉगिन शेलशिवाय चालतं. प्रोफाइल फाइलमधले व्हेरिएबल हवे असतील तर ‘एसयू’ आणि डॅश.

उत्तर ३
वरचा उपाय चालेल, पण ‘इन्कस-अॅडमिन’ म्हणजे होस्टचा रूटच: तो यूजर होस्टची अख्खी डिस्क कंटेनरात माउंट करू शकतो. लॅपटॉप दुसऱ्या कुणाच्या हाती जात असेल तर हे करू नका. इन्कसचा स्वतःचा रिमोट (एसएसएचशिवाय नेटवर्कवरून थेट इन्कसला जोडणं) वापरा: ‘कोअर.एचटीटीपीएस_अॅड्रेस’ला पोर्ट ८४४३, वायरगार्डच्या (व्हीपीएनच्या) आयपीवरच. ‘कॉन्फिग ट्रस्ट अॅड’ करताना रिस्ट्रिक्टेड आणि प्रोजेक्टचं नाव द्या. त्यातून मिळणारं जोडणीचं टोकन एकदाच चालतं. प्रोजेक्टवरही ‘रिस्ट्रिक्टेड’ ट्रू करा, हे बरेच जण विसरतात आणि मग लॅपटॉपच्या सर्टिफिकेटवरच्या बंधनाला फारसा अर्थ उरत नाही.

प्रश्नकर्ता
कंट्रोलमास्टरच होता. चारही दिसले, अल्पाइन ‘एसएच’वर उघडला. लॅपटॉप माझ्याकडेच असतो, म्हणून सध्या ग्रुपच ठेवतो.