अनुभव धागा : प्रोग्राम चालला, पण तो विद्यार्थ्याला समजला का?

माध्यमिक शाळेत संगणक शिकवताना एक अडचण इतर विषयांपेक्षा अधिक जाणवते. पडद्यावर योग्य उत्तर दिसले की ते कोणत्या मार्गाने आले हे झाकले जाते. विचार करून लिहिलेला प्रोग्राम, शेजाऱ्याचा पाहून लिहिलेला प्रोग्राम आणि आकडे बदलत बदलत योगायोगाने चाललेला प्रोग्राम हे तिन्ही शेवटी सारखेच दिसतात. म्हणून या धाग्यासाठी प्रश्न एवढाच ठेवला आहे : विद्यार्थ्याला खरोखर समजले आहे हे आपण कशावरून ओळखता? शिक्षकांप्रमाणेच प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांनी आणि पूर्वी या वर्गांत बसलेल्यांनीही लिहावे. सर्वसाधारण मतांपेक्षा वर्गात प्रत्यक्ष काय घडले याचे वर्णन अधिक उपयोगी पडेल.

नववी-दहावीला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणारी शिक्षिका

माझ्या तासाला प्रोग्राम चालवण्याआधी त्याचे उत्तर वहीत लिहावे लागते. व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवण्याची नाव दिलेली जागा, शिकवताना मी नेहमी एकच उदाहरण घेते : ‘क’मध्ये ५ आहेत, ‘ख’मध्ये ९ आहेत; पुढची ओळ ‘क = ख’ आणि त्यापुढची ‘ख = क’. आता दोन्हींत काय असेल? वर्गातले बहुसंख्य विद्यार्थी ‘९ आणि ५’ असे लिहितात, आणि त्यांत गणितात हुशार असलेलेही असतात. प्रोग्राम चालवला की दोन्हीकडे ९ दिसतात आणि वर्गात गलका सुरू होतो. गणितात बरोबरचे चिन्ह दोन बाजू समान असल्याचे सांगते, तर इथे ते उजवीकडची किंमत डावीकडे ठेवण्याची आज्ञा असते. पहिली ओळ पार पडताच ‘क’मधले ५ कायमचे गेलेले असतात. हे मी फळ्यावर कितीही वेळा सांगितले असते तरी विद्यार्थ्यांनी मान डोलावून सोडून दिले असते. स्वतःचे लेखी भाकीत चुकल्यावर मात्र तेच कारण विचारतात. आधी भाकीत करा, मग चालवा, तपासा, बदला आणि शेवटी नवे काही तयार करा, अशी एक मान्य अध्यापनपद्धती इंग्लंडमधील संशोधक स्यू सेंटन्स यांनी मांडली आहे. तिच्या पाचही पायऱ्या एका तासात बसत नाहीत, पण वेळ अपुरा असेल तेव्हा भाकिताची पायरी राखून बाकी काहीही सोडावे, असे माझे मत झाले आहे.

सातवी-आठवीचे शिक्षक

आमच्याकडे विद्यार्थी स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या भाषेवरून पायथनकडे येतात. स्क्रॅच हे अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये तयार झाले आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यात ठोकळे चुकीच्या जागी बसतच नाहीत, त्यामुळे एरर, म्हणजे चूक दाखवणारा संदेश, वाचण्याची सवय लागत नाही. पायथनमध्ये लाल अक्षरे दिसताच अर्धा वर्ग हात वर करतो. मी आता हात वर करणाऱ्याला एकच विचारतो : ‘एरर काय म्हणते ते मोठ्याने वाच.’ पुष्कळदा वाचतानाच चूक सापडते. एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. कंस बंद करायचा राहिला, तर पायथनच्या जुन्या आवृत्त्या बऱ्याचदा पुढच्या ओळीवर बोट ठेवतात, आणि विद्यार्थी ती निर्दोष ओळ पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसतो. ३.१० आवृत्तीपासून ‘हा कंस बंदच झालेला नाही’ असे सरळ सांगितले जाते. प्रयोगशाळेतील यंत्रांवर कोणती आवृत्ती आहे हे एकदा पाहून घ्यावे. वर्गाचा बराच त्रास वाचतो.

गणित आणि संगणक असे दोन्ही विषय शिकवणारी शिक्षिका

यंत्रे कमी असली की मी यंत्रांशिवाय शिकवते. १ ते १०० मधील मनात धरलेली संख्या ‘मोठी की लहान?’ एवढेच विचारत निम्म्या-निम्म्याने शोधली, तर सातपेक्षा जास्त प्रश्न लागत नाहीत, हे विद्यार्थ्यांना खेळताना लवकर सापडते. समजल्याची परीक्षा पुढच्या प्रश्नात असते : १००० पर्यंतच्या संख्येसाठी किती प्रश्न? ‘सत्तर’ असे उत्तर आले तर खेळ आवडला आहे, पण पद्धत समजलेली नाही. ‘दहा’ म्हणणाऱ्याने प्रत्येक प्रश्नाला उरलेल्या संख्या निम्म्या होतात हे पकडलेले असते.

भाषा विषयाबरोबर संगणकाचे तास घेणारे शिक्षक

शब्द उलटा छापण्याचा सराव बहुतेक पुस्तकांत रोमन अक्षरांत असतो. आमच्या वर्गातील एका मुलीने तो ‘मीना’ या नावावर करून पाहिला. उत्तर ‘नामी’ येईल असे तिचे भाकीत होते. पडद्यावर सुरुवातीला निराधार काना, त्यापुढे ‘नी’ आणि शेवटी नुसता ‘म’ आला. लांबी विचारली तर दोनऐवजी चार. वर्गाचा पहिला निष्कर्ष ‘संगणकाला मराठी येत नाही’ असा होता, आणि तो मी तसाच सोडून दिला असता तर कदाचित आयुष्यभर टिकला असता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक लिपिचिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, म, दीर्घ वेलांटी, न आणि काना यांना चार स्वतंत्र क्रमांक आहेत आणि प्रोग्राम त्या क्रमांकांची रांग उलटी करतो. वेलांटी आपल्या आधीच्या अक्षराला चिकटते, म्हणून ती ‘न’वर जाऊन बसली. हे कळल्यावर त्याच मुलीने ‘क्षमा’ची लांबी पाच येईल असे न चालवता सांगितले (क, हलन्त, ष, म आणि काना). माझ्या दृष्टीने तिची परीक्षा तिथेच झाली.

पूर्वी विद्यार्थिनी असलेली एक वाचक

एका संगणकावर आम्ही दोघे बसत असू आणि माउस नेहमी दुसऱ्याच्या हातात असे. प्रोग्राम चालायचा, गुण दोघांना मिळायचे, आणि मी वर्षभर केवळ पाहत होते. पुढे आलेल्या शिक्षिकांनी एक जण सांगणार, दुसरा टाईप करणार आणि थोड्या वेळाने अदलाबदल, असा नियम लावला. सांगणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही, हे त्या कसोशीने पाळून घेत. सांगावे लागले तेव्हाच मला काय येत नाही ते मला कळले.

दहावीचे शिक्षक

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर घरून येणारे प्रोग्राम निर्दोष होत गेले. ते कोणी लिहिले याचा तपास मी करत नाही; त्यात वेळ जातो आणि संशयाने वर्ग बिघडतो. मी समोर बसवून एक प्रश्न विचारतो. गुणांची सरासरी काढणारा प्रोग्राम असेल तर, ‘यादी रिकामी दिली तर काय होईल?’ शून्याने भागाकार होऊन प्रोग्राम थांबेल, हे स्वतः लिहिणाऱ्याच्या ध्यानात येते आणि दुसऱ्याकडून घेऊनही नीट वाचलेल्याच्याही ध्यानात येते. मला दोघेही चालतात.

गणित आणि संगणक शिकवणारी शिक्षिका (पुन्हा)

वरील पद्धत उत्तम आहे, पण मोठ्या वर्गात प्रत्येकाला समोर बसवणे होत नाही. मी प्रोग्रामच्या ओळी उलटसुलट छापून देते आणि त्या क्रमाने लावायला सांगते. त्यात एखादी नको असलेली ओळही घालते. हे कागदावर होते, तपासायला सोपे असते आणि टाईप करण्याचा वेग आड येत नाही. तोंडी प्रश्नाची खोली त्यात नाही, हे मान्य आहे.

संगणक प्रयोगशाळा सांभाळणारे सहायक

मी शिक्षक नाही, पण विद्यार्थ्यांच्या फाइली रोज पाहतो. स्प्रेडशीटमध्ये गुणपत्रक करण्याचे काम असते, तेव्हा काही जण बेरीज कॅल्क्युलेटरवर करून नुसता आकडा टाईप करतात. छापून घेतल्यावर ते गुणपत्रक सूत्र वापरलेल्या गुणपत्रकासारखेच दिसते, आणि तपासणारेही बहुधा छापील प्रतच पाहतात. मी सरांना सुचवल्यावर त्यांनी पडद्यावर तपासायला सुरुवात केली : एका विषयाचा एक गुण बदलायचा आणि एकूण बदलते का ते पाहायचे. बदलले नाही, तर सूत्र नाही. बदलले, पण टक्केवारी तशीच राहिली, तर सूत्र अर्ध्यावर सोडलेले आहे. आता काम जमा करण्यापूर्वी शेजारी बसलेले विद्यार्थी एकमेकांच्या पत्रकात हाच एक गुण बदलून पाहतात, आणि चुकलेली पत्रके सरांपर्यंत पोहोचण्याआधीच परत फिरतात.