इंजिन आणि मोटर, म्हणून खर्च दुप्पट?

‘इंजिनही सांभाळा आणि बॅटरीही, म्हणजे खर्च दुप्पट,’ असं प्लग-इन हायब्रिड गाड्यांबद्दल, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि प्लगला लावून चार्ज करायची बॅटरी दोन्ही असलेल्या गाड्यांबद्दल, म्हटलं जातं. माझा अनुभव उलटा आहे. न्यू जर्सीत तीन वर्षं अशीच एक गाडी, टोयोटा रॅव्ह४ प्राइम, चालवतोय. बॅटरी १८.१ किलोवॉट-तासांची, कागदावर एका चार्जमध्ये ४२ मैल. थंडीत हीटर लावला की तिशीवर येतं, तरी ऑफिस, भाजी, मुलीचा क्लास सगळं विजेवर भागतं. गराजमधल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगला रात्री लावतो. पूर्ण रिकामी असेल तर बारा तास लागतात.

गंमत इंजिनाची. महिनाभर झोपलेलं असलं तरी ऑइल वर्षाला बदलायचंच. मैल भरत नाहीत, कॅलेंडर भरतं! टाकीतलं पेट्रोलही शिळं होतं, म्हणून मी टाकी अर्धीच भरतो आणि अधूनमधून हायवेवर मुद्दाम हायब्रिड मोडवर, म्हणजे इंजिनही चालेल असं, घेतो.

ब्रेक पॅड फारसे झिजत नाहीत, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते. पण त्यामुळेच हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज धरतो. तो घालवायला दोन-चारदा करकचून ब्रेक मारायचे, अर्थात मागे कुणी नाही हे आरशात बघून.