मदत हवी आहे: चार लाखांच्या आसपास, बरं ॲव्हरेज देणारी जुनी हॅचबॅक (पुणे)

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

घरात पहिलीच चारचाकी यायची आहे आणि ती जुनी घ्यायचं ठरलंय. ठरून दीड महिना झाला, गाडीचा पत्ता नाही. आधी सगळी परिस्थिती सांगते, म्हणजे "बजेट किती, रनिंग किती" यात पहिले पाच प्रतिसाद जायला नकोत.

राहायला धायरी. आम्ही दोघं, पहिलीतली लेक आणि साबा (सासूबाई). साबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डावा रांगेत आहे. नवरा कंपनीच्या बसने चाकणला जातो, त्यामुळे गाडी मुख्यतः मीच चालवणार. ऑफिस शिवाजीनगरला, तेही आठवड्यातून दोन-तीन दिवस. महिन्यातून एकदा गावी, वाईच्या अलीकडे. सगळं मिळून महिन्याला सहाशे किलोमीटर. इन्शुरन्स, ट्रान्सफर, टायर-बियर धरून साडेचार लाख आहेत, म्हणजे प्रत्यक्ष गाडीला चारच्या आत-बाहेर.

"ॲव्हरेज देणारी हवी" हा नवऱ्याचा मुद्दा क्रमांक एक, दोन आणि तीन. माझा मुद्दा एवढाच, की सिंहगड रोडवर बंद पडू नये. साबांनी अजून मत दिलेलं नाही, पण ते येणार.

सध्या तीन गाड्या डोळ्यासमोर आहेत:

वॅगनआर १.०, २०१९, कंपनी फिटेड सीएनजी, सेकंड ओनर, ६२ हजार किमी, मागतायत ४.३५.
ग्रँड आय१० पेट्रोल, २०१७, फर्स्ट ओनर, ४१ हजार किमी, एका विक्रेत्याकडे, ३.९०. दिसायला एकदम चकाचक.
टिआगो पेट्रोल, २०१८, नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाची, ५५ हजार किमी, ३.४०.

सीएनजी घेऊ का? आणि गाडी बघायला गेल्यावर नेमकं काय बघतात? मी आतापर्यंत दार उघडून बसते, स्टिअरिंग धरते आणि "छान आहे" म्हणून परत येते.

चौथागिअर

ताई, सहाशे किलोमीटरच्या रनिंगला ॲव्हरेजवरून भांडणं लावू नका, हे नवरोबांना कागदावर दाखवा. पेट्रोल १०४ रुपये धरा. १५ चं ॲव्हरेज देणारी गाडी महिन्याला ४० लिटर पिते, म्हणजे ४,१६०. २० देणारी पिते ३० लिटर, ३,१२०. इतका मोठा फरक असूनही महिन्याला हजार रुपये वाचले. एक क्लच प्लेट बदलायची वेळ आली की वर्षभराची ही बचत गेली. त्यामुळे ॲव्हरेजवाली गाडी शोधण्यापेक्षा नीट सांभाळलेली शोधा.

सीएनजीचंही तसंच. किलोला २५ किमी आणि ९५ रुपये धरले तर महिन्याला साधारण २,३००. तीच गाडी पेट्रोलवर १६ देत असेल तर ३,९००. सोळाशे वाचले. पण सीएनजीवाली तुम्हाला पन्नास-साठ हजारांनी महाग पडते, म्हणजे तीन वर्षं नुसती फेड. त्यात पंपावरची रांग, घाटात कमी झालेला पिकअप आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची तपासणी. रोज पन्नास किमी असते तर मी स्वतः सीएनजीच घ्या म्हणालो असतो.

टेकडीवरचा

वरच्या गणिताला +१.

अवांतर: जाहिरातीत २३-२४ चे जे आकडे असतात ते ज्या एआरएआयचे, ती गाड्यांची चाचणी करणारी संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. मी रोज सकाळी तिच्या बाजूने चालायला जातो. चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. तिथे ना कर्वे रोडचा सिग्नल, ना डबल पार्किंग, ना समोरून उलट येणारी स्कूटर. त्यामुळे टेकडीवरचं ॲव्हरेज खाली उतरेपर्यंत चार-सहाने कमी होतं. यात कोणी फसवत नाही, फक्त तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरावा, घरखर्चाचा हिशोब करायला नाही.

अजून एक. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. लगेच काही होत नाही, पण ॲव्हरेज थोडं कमी धरा आणि सर्व्हिसिंगला फ्युएल लाइनचे रबरी पाइप बघायला सांगा.

गॅरेजकाका

बरीच वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. ताई, दार उघडून बसण्याआधी इतकं करा.

सकाळी जा आणि आदल्या दिवशी फोन करून सांगा, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यागेल्या बॉनेटला हात लावा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आत काहीतरी झाकून झालंय. थंड इंजिन पहिल्या सेल्फला सुरू व्हायला हवं. मागे कोणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, ती गाडी तिथेच सोडा. थंडीत थोडी पांढरी वाफ निघते, तिला घाबरू नका. ऑइलच्या झाकणाच्या आत सायीसारखा थर दिसला तर मात्र मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बॉनेटच्या कडेला मडगार्डचे बोल्ट असतात, त्यांच्या डोक्यावरचा रंग बघा. स्पॅनर लागलेला बोल्ट लपत नाही. एखादं मडगार्ड बदललेलं असणं हा पुण्यात गुन्हा नाही. पण बॉनेटच्या आतल्या पट्ट्या वाकवून सरळ केलेल्या दिसल्या तर गाडी चांगलीच ठोकलेली आहे.

मीटरवर विश्वास ठेवू नका. टायरवर डीओटीच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. मीटर पस्तीस-चाळीस हजार सांगतंय आणि चारही टायर नंतरच्या वर्षांचे आहेत, तर पहिले कुठे झिजले हे विचारा. क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालंय का बघा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर दिला की जुनी हिस्टरी बहुधा कळते.

आणि पाणी. हे शेवटी सांगतोय, पण तुमच्या भागात हेच पहिलं बघा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात गाड्या वाहून गेल्या, जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. सीट सगळे धुतात, बेल्टचं शेवटचं टोक कोणी धूत नाही. मग डिकीत स्टेपनी उचलून खालचा खळगा बघा.

धागाकर्ती

काका, तुमच्या पाया पडायला यायला हवं.

शनिवारी ग्रँड आय१० बघायला गेले. बॉनेट थंड, सेल्फ पहिल्या झटक्यात, धूर नाही. आत मोगऱ्याच्या परफ्यूमचा इतका वास, की लेक म्हणाली देवघरासारखं वाटतंय. मी ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट ओढायला लागले. हातभर स्वच्छ, काळाभोर. आणखी ओढला. शेवटची वीतभर पट्टी हाताला कडक लागली, वाळलेल्या पापडासारखी, आणि तिच्यावर आडवी पिवळट रेघ. नखाने खरवडलं तर माती निघाली. विक्रेता म्हणाला, "मॅडम, आधीच्या मालकांनी चहा सांडला असेल." मी म्हटलं, चहा बेल्टच्या आत कसा जाईल? मग स्टेपनी उचलायला सांगितली, तर म्हणे चावी सापडत नाही. स्टेपनीला कसली चावी!

तिथून निघालो. नवरा रस्त्यात काही बोलला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "३.९० मध्ये चांगलं ॲव्हरेज देत होती." गंमतीत म्हणाला असं मी धरून चालले आहे.

रविवारी टिआगो. गाडी खरंच चांगली, मालक सरळ, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलमध्ये. पण साबांना बरोबर नेलं होतं. त्या बसल्या आणि मग उठता येईना. सीट खाली आहे, गुडघा नव्वदच्या पुढे वाकवून वर यावं लागतं. मी आणि नवऱ्याने दोन बाजूंनी धरून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मला विहिरीतून काढल्यासारखं वाटलं." मत आलं.

सीएनजी वॅगनआरमध्ये त्या आपल्या आपण बसल्या आणि आपल्या आपण उतरल्या. पण डिकी उघडली तर सगळी टाकीच. वॉकर कुठे ठेवायचा? मागच्या सीटवर ठेवला तर लेकीने कुठे बसायचं?

मधलीसीट

टिआगो सोडताना एक लक्षात असू द्या. गाड्या आपटवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने जानेवारी २०२० मध्ये टिआगोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ४ तारे दिले होते. वॅगनआरला २०१९ मध्ये २ आणि २०२३ च्या जास्त कडक चाचणीत १. वॅगनआरच घेणार असाल तर निदान दोन एअरबॅगवालं मॉडेल बघा. २०१९ मध्ये खालच्या मॉडेलांना पॅसेंजर एअरबॅग आपोआप येत नव्हती, ती 'ओ' लिहिलेल्या व्हेरियंटमध्ये मिळायची. मागेही बेल्ट लावाच, साबांनासुद्धा.

धागाकर्ती

हे वाचून दोन दिवस टिआगोकडे मन ओढलं. सीटवर उशी ठेवून बघावी का, इथपर्यंत विचार झाला. पण ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची त्यांनाच ती नको झाली तर त्या घरात बसणार आणि गाडी पार्किंगमध्ये. त्यामुळे वॅगनआर, पेट्रोल, दोन एअरबॅग, असा शोध सुरू केला.

चौथागिअर

भाव करताना हेही सांगा, की २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव जुन्या हिशोबाने कसा मागता? बरेच लोक अजून मागतातच.

धागाकर्ती

मिळाली! बिबवेवाडीत, एका निवृत्त गृहस्थांची. वॅगनआर १.० पेट्रोल, मे २०१९, व्हीएक्सआय ओ, फर्स्ट ओनर, ३८ हजार किमी. बेल्ट शेवटपर्यंत ओढला तेव्हा ते गृहस्थ बघतच राहिले. सांगितलं का ते, तर हसले आणि स्टेपनी स्वतः उचलून दाखवली. खाली एक जुनं पंचांग होतं, बाकी काही नाही. दोन टायर बदलावे लागतील. डाव्या दाराला ओरखडा, तो त्यांच्या जिन्याच्या कठड्याचा, त्यांनी आपणहून सांगितला. आमच्या मेकॅनिकने गंगाधामच्या चढावर चालवून बघितली, क्लच ठीक आहे म्हणाला. ४.०५ मागत होते, जीएसटीचं अस्त्र काढलं, ३.८५ ला ठरली. दहा हजार टोकन दिलं.

आता कागदपत्रांचं कोणी सांगेल का? आरसीवर अजून बँकेचं नाव दिसतंय. कर्ज फिटलंय म्हणाले.

गॅरेजकाका

फिटलेलं कर्ज आणि उतरलेला बोजा (आरसीवरची कर्जाची नोंद) या दोन वेगळ्या गोष्टी. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ त्यांच्याकडून घ्या, बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. गाडीच्या नंबरवर ई-चलन किती बाकी आहेत ते ऑनलाइन दिसतं, ती त्यांनी भरायची. एप्रिल २०१९ नंतरची गाडी आहे, तेव्हा एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आधीपासून असेल. जुनी असती तर ७४५ अधिक जीएसटी तुम्हाला लागले असते. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करायला टाका. त्यांचा नो क्लेम बोनस त्यांच्याबरोबर जातो, तो तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळे हप्त्यात थोडा फरक भरावा लागेल.

एजंट लागेलच असं नाही. पण संगम पुलाजवळच्या आरटीओत दोन चकरा मारायची तयारी ठेवा.

धागाकर्ती

एकच चकर झाली, तीही त्या गृहस्थांनी फॉर्मवरची सही आरसीपेक्षा वेगळी केली म्हणून. बोजा उतरला, चलन एकच होतं, नो पार्किंगचं. ते त्यांनी तिथेच फोनवरून भरलं. गाडी काल घरी आली. साबांनी नारळ फोडला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या त्या बसल्याच. टाकी फुल करून पहिला फेरा स्वारगेटपर्यंत झाला. ॲव्हरेज नवरा वहीत लिहितोय, आकडा अजून मला दाखवलेला नाही.

एकच शेवटचं. मागच्या काचेवर आतून मोठ्या अक्षरांत 'दादांचा आशीर्वाद' असं स्टिकर आहे. आमच्याकडे दादा कोणी नाहीत. ब्लेडने खरवडलं तर निघेल का?

टेकडीवरचा

ब्लेड अजिबात लावू नका! तुमच्या काचेवर आतून डिफॉगरच्या बारीक तारा असतील तर त्या कापल्या जातील. हेअर ड्रायरने गरम करा, कोपऱ्यातून हळूहळू सोलत या. डिंक राहिला तर खोबरेल तेल लावून कापडाने पुसा.

धागाकर्ती

ड्रायर घेऊन खाली गेले होते. साबा म्हणाल्या, राहू दे, कोणाचा का असेना, आशीर्वादच आहे. फक्त 'दादांचा' काढलंय.